हँडचाइम संचाची देखभाल आणि जुळणी : नागपुरातील प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

वस्तीतील मुलांच्या वाद्यगटासाठी मिळालेला जुना हँडचाइम संच आज ताब्यात घेतला. संचात पंचवीस नळ्या आहेत. त्या जी४ पासून जी६ पर्यंत, आपल्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) भाषेत सांगायचे तर पांढरी पाचपासून दोन सप्तके वरच्या पांढरी पाचपर्यंत, प्रत्येक काळ्या-पांढऱ्या सुराला एक अशा आहेत. संच देणाऱ्यांनी तो ‘बेसूर झाला आहे, घासून पुन्हा लावून घ्यावा लागेल’ असे सांगून दिला. हे निदान तपासून पाहणे हाच या प्रकल्पाचा पहिला भाग राहील.

हँडचाइमची रचना दिसायला साधी असते. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, तिच्या वरच्या भागात समोरासमोरच्या दोन बाजूंना उभी चीर आणि त्या चिरेमुळे मोकळ्या झालेल्या दोन भुजा. इंग्रज तुतारीवादक जॉन शोअर याने १७११ मध्ये नादकाटा तयार केला. हँडचाइमच्या भुजा त्याच तत्त्वावर एकाच वेळी एकमेकींकडे येतात आणि एकमेकींपासून दूर जातात. चीर नसलेल्या खालच्या भागातील पोकळी आमच्या संचात बुचाने अशा लांबीवर बंद केलेली आहे, की आतल्या हवेचा स्वाभाविक सूर भुजांच्या सुराशी जुळावा. बाहेरून बिजागरीवर हातोडी बसवलेली असते. तिच्या टोकाला रबर असते आणि ठोका पडताच तिला मागे घेणारी स्प्रिंग असते. भुजा सूर ठरवतात, हवा त्या सुराला भरीवपणा देते आणि हातोडी त्याची सुरुवात कशी व्हावी ते ठरवते. ऐकणाऱ्याला या तिन्हींपैकी काहीही बिघडले तरी ‘बेसूर’ हाच शब्द सुचतो, आणि उपाय म्हणून कानसच पुढे येते.

म्हणून एक नियम आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. हातोडी, रबर, स्क्रू, पोकळी आणि तापमान या सर्वांची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही नळीच्या धातूला हात लावायचा नाही. घासून काढलेले ॲल्युमिनियम परत बसवता येत नाही, आणि ज्या गावात जानेवारीची पहाट दहा-बारा अंशांची आणि मेची दुपार पंचेचाळीस अंशांची असते, तेथे एका दिवसाच्या मोजमापावरून वाद्य घासणे धोक्याचे आहे.

२५ जानेवारी २०२५

आजचा दिवस स्वच्छतेला दिला. हँडबेल आणि हँडचाइम ही वाद्ये अनेकदा एकाच गटात वाजवली जातात, त्यामुळे दोघांची निगा एकच असावी असा समज होतो. तो दूर केलेला बरा. हँडबेल काशाची असते, तिच्यात सुमारे ऐंशी टक्के तांबे आणि वीस टक्के कथील असते, ती हाताच्या घामाने काळवंडते आणि म्हणून तिला हातमोजे व पॉलिश लागते. हँडचाइमच्या ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंगचा कठीण थर असतो. त्याला चमक आणण्याची गरज नसते आणि त्याला घासणारी प्रत्येक गोष्ट त्याचे नुकसान करते. पितळी भांड्यांची पावडर, चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा यांपैकी काहीही वापरायचे नाही, हे मुलांच्या पालकांनाही सांगितले, कारण घरी नेलेले वाद्य कोणी प्रेमाने घासून चकचकीत करून आणू नये.

जुन्या मऊ सुती कापडाने प्रत्येक नळी कोरडी पुसली. काही नळ्यांवर पांढुरके ठिपके होते. ते कूलरच्या पाण्याचे आहेत, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरचे तुषार जिथे जिथे पडतात तिथे बोअरच्या पाण्यातील क्षार असेच बसतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर कापडाला जेमतेम ओल येईल इतकेच लावून ते ठिपके पुसले आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घेतले. नळी पाण्याखाली धरायची नाही, कारण बिजागरीत गेलेले पाणी तिथेच राहते आणि पुढे स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते. स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमची नळी ओलाव्यात एकत्र राहिल्या की त्या सांध्यात ॲल्युमिनियम आधी झिजते.

सर्वांत मोठ्या नळीचा, जी४ चा, आवाज अगदी मुका येत होता. बॅटरीच्या उजेडात चिरेतून आत पाहिले, तर बुचाच्या थोडे वर कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले दिसले. दोन कप्पे शाबूत होते, तिसऱ्याचे तोंड फुटलेले होते आणि मातीवर बारीक गोळ्यांचे थर स्पष्ट दिसत होते. भुजा व्यवस्थित कंप पावत होत्या, पण खालची हवा त्यांना साथ देत नव्हती. बांबूच्या कामटीला कापड गुंडाळून ती माती कोरडीच, हळूहळू सैल केली आणि नळी उलटी धरून झटकली. नंतर तीच नळी वाजवली तेव्हा सूर तोच होता, पण आवाज खोलीभर भरला. जी४ साठी २० अंशांना हवेच्या स्तंभाची लांबी, उघड्या टोकापाशी हिशोबात करावी लागणारी बारीक दुरुस्ती बाजूला ठेवली तर, तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी, सुमारे २१९ मिलिमीटर, असावी लागते. मातीच्या घराने ती बरीच आखूड केली होती.

यापुढे संच त्याच्या खोक्यात ठेवताना प्रत्येक नळीला कापडी खोळ घालायची असे ठरले. मांजरपाट आणून, तो आधी धुऊन त्याची खळ काढून, खोळी शिवून घेण्याचे काम गटातील दोन आयांनी आपणहून घेतले आहे.

२ फेब्रुवारी २०२५

हातोड्या. या विषयावर सविस्तर लिहितो, कारण या संचाचा खरा आजार इथेच होता.

प्रत्येक हातोडीचे रबर नखाने दाबून पाहिले. अर्ध्याहून अधिक रबरांवर नख उमटत नव्हते. ती वाळून कडक झाली होती. कडक रबराने भुजेवर ठोका दिला की मूळ सुराबरोबर भुजेचा पुढचा कंपही जोरात जागा होतो. एका टोकाला धरलेल्या सरळ पट्टीत हा दुसरा कंप मूळ कंपाच्या सुमारे सव्वासहा पट वारंवारतेचा असतो, म्हणजे अडीच सप्तकांहून वर आणि कोणत्याच सुरावर नीट न बसणारा. तो क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात कानाला ‘टिंग’ असा धातूचा खडा लागतो. संच बेसूर झाल्याची जी तक्रार होती, तिचा बराचसा भाग या खड्याचा होता, असे माझे मत आज पक्के झाले.

रबर किती मऊ असावे, याला सर्व नळ्यांसाठी एकच उत्तर नाही. जी४ ची भुजा सेकंदाला ३९२ वेळा हलते, त्यामुळे तिची एक फेरी सुमारे अडीच मिलिसेकंदांची असते. जी६ ची भुजा १५६८ वेळा हलते आणि तिची फेरी जेमतेम ०.६४ मिलिसेकंदांत संपते. ठोक्याचे रबर भुजेला टेकून राहण्याचा काळ त्या फेरीच्या मानाने लहान असला पाहिजे. मोठ्या नळीचे जाड मऊ रबर वरच्या नळीला लावले तर रबर सुटायच्या आत भुजा परत फिरते आणि रबरच तिचा आवाज दाबते. वरच्या नळीचे कडक रबर खालच्या नळीला लावले तर खडा वाजतो. म्हणून रबर बदलताना संचाचे तीन भाग केले: खालच्या नळ्यांना जाड आणि मऊ, मधल्यांना मध्यम, वरच्यांना लहान आणि थोडे कडक. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला रबरी पत्रे आणि वॉशर विकणाऱ्या दुकानांत वेगवेगळ्या कडकपणाचे तुकडे सहज मिळतात. दुकानदाराकडून प्रत्येकाचा छोटा तुकडा मागून घेतला आणि आधी एकाच नळीवर एकामागून एक लावून ऐकले.

ठोका कुठे पडतो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दुसऱ्या कंपात भुजेवर एक जागा स्थिर राहते; ती मुळापासून मोजली तर पाऊण लांबीच्या थोडी पुढे येते. ठोका त्या जागेच्या आसपास पडला तर दुसरा कंप फारसा जागा होत नाही आणि मूळ सूर स्वच्छ उमटतो. डी५ ची, पांढऱ्या दोनची, नळी हातात घेऊन हे नीट पाहिले. रबराला खडूची पूड लावून एक ठोका दिला. खडूचा डाग भुजेच्या मध्यरेषेवर न पडता कडेला, जवळपास कोपऱ्यावर उमटला. बिजागरीचा स्क्रू सैल होऊन हातोडी एका बाजूला कलली होती. कोपऱ्यावर पडणारा ठोका भुजेला पीळ देतो आणि नळी हातात थरथरते. हातोडी सरळ करून, स्क्रू बोटांनी बसेपर्यंत आणि नंतर पाव फेरा एवढाच आवळला. ॲल्युमिनियममध्ये कापलेले आटे जोर लावला की लगेच सुटतात, त्यामुळे पेचकस दोन बोटांत धरण्याची सवय ठेवावी. स्क्रू कंपाने पुन्हा सैल होऊ नये म्हणून आट्यांवर निळ्या लॉकिंग द्रावाचा एक थेंब सोडला. लाल द्राव पुन्हा उघडताना आटे घेऊन निघतो, तो टाळला.

शेवटी हातोडीची परती. ठोका झाल्यावर रबर भुजेपासून लगेच सुटले पाहिजे आणि नळी आडवी धरली तरी ते पुन्हा टेकता कामा नये. स्प्रिंग फार ताठ असेल तर लहान मुलांना मनगटाने ठोका देता येत नाही, ती हात आपटू लागतात. फार सैल असेल तर एका ठोक्याचे दोन होतात. आमच्या गटात आठ-नऊ वर्षांची मुले आहेत, त्यांच्या मनगटाला झेपेल इतकाच ताण ठेवला.

९ फेब्रुवारी २०२५

खोलीचे तापमान २२ अंश. आज पहिल्यांदा सर्व नळ्यांचे सूर मोजले. ए४ साठी ४४० हर्ट्झ हे प्रमाण धरले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ते १९५५ मध्ये स्वीकारले आणि १९७५ मध्ये कायम केले. दोन लगतच्या सुरांमधील अंतराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. ४४० हर्ट्झपाशी एक सेंट साधारण पाव हर्ट्झचा असतो.

मोबाइलच्या ट्यूनरवर पूर्ण भिस्त ठेवली नाही. संदर्भसूर चालू ठेवून नळी वाजवायची आणि दोन्ही सुरांच्या मिसळीत आवाज लाटांसारखा वर-खाली होतो का ते ऐकायचे. तानपुरा लावणाऱ्याचा कान हेच करतो. ए४ पाशी सेकंदाला एक लाट ऐकू आली तर फरक चार सेंटच्या आसपास असतो, ए५ पाशी तीच एक लाट दोन सेंटची असते. ठोका मध्यम द्यायचा आणि पहिला क्षण सोडून मोजायचे.

दोन नळ्या वगळता सर्व नळ्या तीन सेंटच्या आत निघाल्या. ‘बेसूर’ म्हणून आलेल्या संचासाठी हे फार चांगले आहे.

पहिली अपवाद एफ शार्प५, काळी तीन. ती अकरा सेंट उतरलेली होती, आणि शिवाय तिचा सूर इतरांच्या निम्म्या वेळात विरत होता. या दोन लक्षणांची जोडी महत्त्वाची आहे. भुजांची लांबी चुकली असती तर सूर उतरला असता, पण विरण्याचे काही कारण नव्हते. नळी उजेडात फिरवली तेव्हा एका भुजेच्या टोकाला सुराचे नाव लिहिलेली चिठ्ठी आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे कित्येक थर दिसले. जुनी चिठ्ठी फाटली की तिच्यावरच नवी, असे वर्षानुवर्षे झाले असावे. भुजेच्या टोकाचे वजन वाढले की सूर उतरतो. ते एकाच भुजेवर वाढले की दोन भुजांचा तोल जातो, त्यांचे हलणे एकमेकांना पुरते तोलत नाही आणि उरलेला कंप मुठीत उतरून हातात जिरतो. नादकाट्याचा दांडा हातात धरूनही तो वाजत राहतो, ते या तोलामुळेच. सगळे थर नखाने सोलले, राहिलेला चिकटा कापडावर थोडे खोबरेल तेल घेऊन काढला आणि तेलही पुसून टाकले. काळी तीन सेंटभराच्या फरकावर येऊन बसली आणि तिचा सूर शेजारणींइतका टिकू लागला. ही नळी आल्या आल्या कोणी टोकाला कानस लावून ‘चढवली’ असती, तर चिठ्ठी निघाल्यावर ती कायमची चढी राहिली असती.

सुरांची नावे आता भुजेवर न लावता मुठीच्या भागावर लावली आहेत. मुलांसाठी ती पेटीच्या पट्टीप्रमाणे काळी-पांढरी लिहिली. पाश्चात्त्य स्वरलिपीत हँडचाइमचे स्वर जिथे लिहिलेले असतात त्याच्या एक सप्तक वर वाजतात, हे पेटी शिकवणाऱ्या ताईंना समजावून सांगितले, नाहीतर पहिल्याच सरावात सप्तकाचा गोंधळ झाला असता.

दुसरी अपवाद ए५, वरची पांढरी सहा. ती नऊ सेंट चढी आहे. चिठ्ठी नाही, माती नाही, स्क्रू घट्ट आहेत, टिकावही चांगला आहे. तिला आज काहीही केले नाही.

२३ मार्च २०२५

खोलीत ३३ अंश. सर्व नळ्या फेब्रुवारीच्या मानाने पाच-सहा सेंट उतरलेल्या आहेत, आणि सगळ्या बरोबरीने. ए५ चे शेजारणींपासूनचे अंतर मात्र तेवढेच, नऊ सेंट. आकडे वहीत लिहिले.

१८ मे २०२५

आज मुद्दाम दुपारी मोजले. कूलर बंद ठेवून दारे उघडी ठेवली तेव्हा खोली ४० अंशांवर गेली. थर्मामीटर नळ्यांच्या खोक्यातच, सावलीत ठेवला होता. मापक कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे यावर आकडा किती अवलंबून असतो, हे या शहराने २०२४ च्या मे महिन्यात पाहिले आहे. एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि चौकशीअंती तो संवेदकाचा दोष ठरला. नागपूरचा खरा उच्चांक त्याहून बराच खाली आहे, २३ मे २०१३ रोजीचा ४७.९ अंश.

२२ अंशांच्या तुलनेत नळ्या आठ ते नऊ सेंट उतरल्या. दर अंशामागे साधारण अर्धा सेंट हा हिशोब मार्चपासून कायम राहिला. उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि म्हणून सूर उतरतो, असे सहसा सांगितले जाते. पण ॲल्युमिनियमचे प्रसरण अंशामागे लाखात सव्वादोन भागांएवढे असते आणि लांबी, जाडी, घनता या सर्वांवरचे परिणाम एकत्र धरले तर ते एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. सूर उतरतो तो धातूचा ताठरपणा कमी झाल्यामुळे. तापलेली भुजा किंचित लवचिक होते आणि सावकाश हलते.

आजच्या नोंदीतली अधिक महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. भुजा उतरत असताना पोकळीतील हवा उलट दिशेने जाते. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. त्यामुळे हवेच्या स्तंभाचा सूर अंशामागे तीनेक सेंट चढतो. जी४ च्या स्तंभाला २० अंशांना जी २१९ मिलिमीटर लांबी लागते, ती ४० अंशांना २२६ च्या जवळ जाते, आणि बूच तर जागेवरच असते. भुजा आणि हवा यांच्यात अशी फारकत पडली की आवाज बारीक होतो. खालच्या नळ्यांत हा फरक आज कानाला स्पष्ट जाणवला. मुलांपैकी एकीने विचारले, “सर, उन्हाळ्यात ह्या दमतात का?” तिने जे ऐकले होते ते अगदी बरोबर होते. हिवाळ्यात संच जितका भरीव वाजला तितका तो मेच्या दुपारी वाजणार नाही, आणि त्यासाठी बूच सरकवायचे नाही, कारण जूनमध्ये तेच बूच पुन्हा चुकीच्या जागी असेल.

पेटीच्या पितळी पट्ट्याही उन्हाने थोड्या उतरतात, त्यामुळे पेटी आणि हँडचाइम उन्हाळ्यातही एकमेकांजवळ राहतात. बासरीची चाल हवेसोबत चढती असते. मे महिन्यात बासरी आणि हँडचाइम एकत्र ठेवून कार्यक्रम बसवू नये, असे माझे मत आहे. बसवायचाच असेल तर सकाळी सातच्या आत.

कूलर चालू केल्यावर खोली तासाभरात ३१ अंशांवर आली, पण झोताच्या रेषेत ठेवलेल्या दोन नळ्यांवर तुषार दिसले. संचाची जागा बदलून झोतापासून दूर, आतल्या भिंतीलगत केली. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले कपाट रात्री दहापर्यंत तापलेले राहते, तेही सोडले. बंद मोटारीत संच ठेवायचा नाही. रबर आणि त्याचा डिंक दोन्ही मऊ पडतात.

२९ जून २०२५

पाऊस सुरू झाला. खोक्यातला मूळ फोम चिकट होऊन सुटू लागला होता. तो ओल्या हवेत असाच विरघळत जातो आणि नळीवर डाग सोडतो. तो पूर्ण काढून टाकला. मांजरपाटाच्या खोळी पुरेशा आहेत. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. डांबरगोळ्या ठेवू नयेत, त्यांची वाफ रबर आणि प्लास्टिक खराब करते. बिजागरीच्या स्क्रूंवर ग्रीसचा पातळ हात फिरवला.

१३ जुलै २०२५

खोली २७ अंश, ढगाळ, दिवसभर तापमान जवळपास स्थिर. ए५ साठी हाच दिवस निवडला. फेब्रुवारीपासून चारही हवामानांत ती शेजारणींच्या मानाने नऊ सेंट चढीच राहिली होती. हातोडी, रबर, पोकळी, तोल सगळे तपासून झाले होते. आता दोष धातूचाच आहे, याबद्दल शंका उरली नव्हती.

महालात पेटी दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराला सोबत बोलावले होते. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी नळी हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “सर, पेटीच्या सुराचं आणि हिचं एकच हाय. टोक घासलं का चढते, मूळ घासलं का उतरते. हिला उतरवाची हाय, तर मुळाशी हात लावा लागन.” त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. टोकाचा धातू कमी केला की भुजेचे हलणारे वजन कमी होते. मुळाशी चीर खोल केली की भुजेची लांबी वाढते. भुजेचा सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे नऊ सेंट उतरवण्यासाठी लांबी फक्त पाव टक्क्याच्या आसपास वाढवावी लागते. व्हर्नियरने मोजलेली भुजेची लांबी पाहता हे काम सुमारे पाव मिलिमीटरचे होते.

नळी सुती कापडात गुंडाळून लाकडी पकडीत हलकी धरली. चिरेच्या तळाशी बारीक गोल कानस, एका बाजूला जितके हात, समोरच्या बाजूलाही तितकेच, म्हणजे दोन्ही भुजांचा तोल राहतो. हात एकाच दिशेने आणि जोर न लावता. दर थोड्या हातांनंतर बुरादा ब्रशने झटकून नळी खाली ठेवायची आणि थांबायचे, कारण घासल्याने आणि तळहाताच्या उबेने नळी तापते आणि तापलेली नळी खोटा, उतरलेला सूर दाखवते. काकांनी हे थांबणे माझ्याहून काटेकोरपणे पाळायला लावले. मोजताना ४४० च्या प्रमाणाकडे न पाहता ए५ ची तुलना त्याच खोलीत, त्याच तापमानाला ठेवलेल्या जी५ आणि ए४ शी केली. सर्व नळ्या एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात, म्हणून जुळणी शेजारणींशी असायला हवी.

दोन सेंट चढी असताना कानस खाली ठेवली. ते दोन सेंट मुलांच्या सरावात कुणालाही ऐकू येणार नाहीत, आणि पलीकडे गेले असते तर टोकाचा धातू काढून परत चढवावे लागले असते. जिथे ॲनोडायझिंग गेले तिथे उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप ऑक्साइडचा पातळ थर धरतो. वेगळे काही लावले नाही, कारण लावलेली प्रत्येक गोष्ट वजन आहे.

संपूर्ण संचात कानस लागली ती या एकाच नळीला.

१० ऑगस्ट २०२५

मुलांचा सराव नियमित सुरू आहे. वाजवण्याची पद्धत हीच रोजची देखभाल आहे, म्हणून ती शिकवण्यात आजचा वेळ गेला. नळी मुठीच्या भागात धरायची, बोटे चिरेवर येऊ द्यायची नाहीत. ठोका मनगटाने पुढे, हात आपटून नव्हे. सूर थांबवताना भुजा खांद्याच्या कापडाला अलगद टेकवायची, टेबलाच्या कडेला नाही. खाली ठेवताना हातोडी वर, नाहीतर रबर एका बाजूने चेपते आणि ठोक्याचा डाग मध्यरेषेवरून सरकतो. दोन नळ्या एकमेकींवर आपटू द्यायच्या नाहीत. ॲल्युमिनियमला पडलेला खड्डा सूर बदलू शकतो आणि तो भरून निघत नाही. दर सरावानंतर कोरडे कापड फिरवायचे, कारण ऑगस्टच्या दमट हवेत हाताचा घाम वाळत नाही. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या नळ्यांची जबाबदारी लिहून तक्ता भिंतीवर लावला.

डी५ ला पुन्हा खडू लावून पाहिले. डाग मध्यरेषेवर पडतो आहे.

वरच्या चार नळ्यांचे रबर अजून मनासारखे नाही. एफ६ आणि जी६ वर किंचित ठणठणाट राहिला आहे. तेवढ्यासाठी थोडा मऊ तुकडा आणायचा आहे. डिसेंबरमध्ये, खोली १५ अंशांच्या खाली गेल्यावर, सर्व नळ्यांची पुढची मोजणी करायची आणि ए५ चे शेजारणींपासूनचे अंतर दोन सेंटच आहे का ते तपासायचे.